बाबांना नकोसा झालेला वास

४ फेब्रुवारी

सुटले बाबा!

लिहिलं एकदाचं. भेटायला येणारा जो तो म्हणतो, "किती खंबीर आहेस गं!" आणि मी मान खाली घालते. खंबीर कसली डोंबलाची! हलकं वाटतंय मला. काल जेवणावरून उठले ती सरळ आडवी झाले, आईने हलवलं तेव्हा कुठे जाग आली. खोकला नाही, ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर नाही. त्या फुफ्फुसाच्या कॅन्सरने शेवटी शेवटी त्यांना धड निजू दिलं नाही, धड बसू दिलं नाही. संपलं ते. त्यांचं संपलं म्हणून बरं वाटतंय, आणि खरं सांगायचं तर आमचंही.

रडूही येतं. भांडी घासताना जास्त.

६ फेब्रुवारी

माणूस येऊन यंत्र घेऊन गेला. पलंगाशेजारची जागा रिकामी झाली. आईने लगेच तिथे खुर्ची सरकवली – "रिकामं बघवत नाही." मग स्वतःच तिच्यात बसली आणि अख्खा पेपर वाचून काढला. कित्येक महिन्यांनी!

९ फेब्रुवारी

खाली बेकरीत गेले. शटर अर्धंच वर केलं. उन्हाळ्यापासून बंद आहे. भट्टी गार, पाव भाजायच्या पत्र्यांवर धूळ.

झाडू घेतला तोच पायरीवर एक्स्प्रेसकाका. आमचे जुने कारागीर. इतके सावकाश चालतात की बाबांनीच ते नाव पाडलं.

"ताई, यीस्ट आणू का?"

"इतक्यात नको, काका."

"बरं."

निघाले. कोपऱ्यापर्यंत पोचले तोवर माझं झाडून झालं होतं.

११ फेब्रुवारी

का नको, ते इथेच लिहिते. बाहेर बोलता येत नाही.

बाबा भट्टीकडे पाठ करून उभे राहायचे. घड्याळ बघणं नाही, डोकावणं नाही. गिऱ्हाइकाशी गप्पा रंगलेल्या, हातवारे चाललेले, आणि मधेच नाक वर करून – "काढ!" काढावा तर पाव नेमका हवा तसा भाजलेला. मला ते कधी जमलं नाही. मी गजर लावते. "गजराला नाक असतं का गं?" म्हणून चिडवायचे.

आजारपणात बेकरी मीच चालवत होते. भट्टी विझू देणार नाही, असं छातीठोक सांगितलं होतं त्यांना. पहाटे उठून पीठ मळायचं, दुपारभर त्यांच्या उशाशी बसायचं. एकदा उभ्या उभ्या डुलकी लागली आणि कोपरापर्यंत हात भाजून घेतला. तरी बंद केली नाही. मी पण त्यांचीच मुलगी!

मग एक दिवस जिन्यातून पावाचा वास वर आला आणि बाबांनी तोंडावर टॉवेल दाबला. "हा वास सोसवत नाही गं, पोरी." औषधांनी मळमळ होतेच, डॉक्टर म्हणाले होते. पण हा वास? ज्या वासात त्यांचा जन्म गेला तो? पलंगाखाली ती बादली, आणि भिंतीकडे वळलेलं त्यांचं तोंड. मी खाली आले आणि शटर ओढलं.

आता भीती एकच. भट्टी पेटवली, वास सुटला, की मला कोण दिसणार? "काढ!" म्हणणारे बाबा, की टॉवेलवाले? टॉवेल दिसला तर शटर कायमचं खाली. आणि बेकरी गेली तर माझे धडधाकट बाबा मी शोधायचे कुठे? फोटोत तर ते कायम डोळे मिटलेले!

१२ फेब्रुवारी

आई भट्टीचं नावही काढत नाही. पेटव म्हणत नाही, विकून टाक म्हणत नाही. तिलाही तीच धास्ती असणार.

१७ फेब्रुवारी

एक्स्प्रेसकाकांना दुसरीकडून बोलावणं आलंय. मोठा कारखाना.

"तिकडे सगळं मशीन करतं, ताई. मी आपलं बटण दाबायचं."

"मग? जाणार?"

"जाईन की. हळूहळू."

काका हसले. हे गेले की संपलं सगळं. मी एकटी मळणार किती आणि भाजणार किती! तोंडातून निघून गेलं, "यीस्ट आणा, काका."

कधी नव्हे ते झपाझप गेले!

२० फेब्रुवारी

पेटवली!

पहिला पत्रा आत सरकवला आणि मुठी आवळून उभी राहिले. काका पाहत होते. आधी नुसतीच धग, मग ओल्या पिठाचा आंबूस वास. आणि मग तो आला. खरा.

टॉवेल आला नाही. "काढ!" पण नाही. आले ते पिठाच्या पोत्यांवर तोंड उघडं टाकून घोरणारे बाबा. भर दुपारची वेळ, भुवया पांढऱ्याफेक, आणि गिऱ्हाइकं चवड्यांवर चालत येऊन आपला आपण पाव घेऊन जाताहेत. मी शाळेतून आले की त्यांच्या पोटावर दप्तर ठेवायची, ते वर-खाली व्हायचं. हे कुठे गेलं होतं इतके दिवस? मला इतकं हसू आलं की गजर लावायचाच राहिला. तळ करपले.

"मालक असते तर –" काका म्हणाले.

"काय?"

"शिव्या घातल्या असत्या. आणि वर दोन खाल्ले असते."

तिथेच भट्टीसमोर बसून दोघांनी करपलेले पाव खाल्ले. गरमच. जीभ पोळली. माझे बाबा मला परत मिळाले, काही म्हणा!

२१ फेब्रुवारी

सगळे खपले. करपलेले सोडून!

२३ फेब्रुवारी

आई आज पाव खाता खाता बोलून गेली, "त्या नाक्यावरच्या बेकरीपेक्षा आपलाच मऊ."

तिकडचा तू कधी खाल्लास? आईचे कान लाल. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाबांसाठी आणायची म्हणे, मी झोपलेली असताना. ते आधी पिशवीत नाक खुपसायचे, मग दुधात बुडवून खायचे, आणि खाऊन झालं की नावं ठेवायचे.

"आणि मला इतके दिवस सांगितलं नाहीस?"

"त्यांनी बजावलं होतं. म्हणाले, भट्टी परत पेटवायची की नाही ते तिचं तिला ठरवू दे, माझ्यासाठी नको."

"अगं, पण त्यांना वास सोसवत नव्हता ना?"

"कुठलं काय! तू हात भाजून घेतलास तेव्हा मला म्हणाले, बंद कर म्हटलं तर ही ऐकायची नाही. मला वास सोसवत नाही म्हटलं, की आजच्या आज शटर ओढेल."

ओढलं होतं. आणि वर जाऊन त्यांच्या पलंगाशेजारीच गाढ झोपले होते.