मर्विनची जिरवणारा सेंट

४ मार्च १९९७, मंगळवार
रेडिंगच्या नाणे क्लबातून आत्ताच आलो. माझा १७९४ चा सेंट टेबलावर मांडला होता. तांब्याचा, आजच्या सेंटच्या दीडपट. तज्ज्ञांनी दर्जा देऊन प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेला. दर्जा सत्तरपैकी आठ. पण प्रामाणिक आठ. मर्विन स्टोल्ट्झने डबी उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हार्लन, हे नाणं आहे की कोटाचं बटण? भोकं तेवढी पाडायची राहिलीत."
सगळे हसले. खजिनदार तर प्रेट्झेल घशात अडकेपर्यंत.
मी अत्यंत शांतपणे निघालो. दार जरा जोरात लागलं, ते वाऱ्याने.
याला सोडायचा नाही.

६ मार्च
मर्विनशी अबोला सुरू. त्याला अजून पत्ता नाही, कारण गाठच पडलेली नाही.

१५ मार्च
सापडलं! फिलाडेल्फियाच्या लिलावात १७९३ चा सेंट, मागे पानांची माळ, दर्जा चाळीस. मर्विनकडचा पस्तीस. मेच्या बैठकीत त्याच्या नाकासमोर ठेवीन. एक शब्दही बोलणार नाही. बोललोच तर, "चष्मा नीट लाव" एवढंच.

१६ मार्च
बोलीची मर्यादा ठरवली. मर्यादा म्हणजे मर्यादा. स्वयंपाकघराच्या फरशीसाठी ठेवलेल्या पैशांना हात लावायचा नाही.

२ एप्रिल
फरशीची रक्कमही धरून नवी मर्यादा. जुनी फरशी अजून मजबूत आहे. बायकोला, लॉरेनला, हे सांगून उगाच काळजीत टाकण्यात अर्थ नाही.

१२ एप्रिल, शनिवार
लॉरेनला सांगितलं, मासेमारीला जातोय. तिने चक्क आनंदाने डबा दिला. एरवी कुरकुरते.
लिलावाच्या हॉलमध्ये मर्विन नाही. पण फोनवरून कुणीतरी बोली लावत होतं, आणि मी हात वर केला की चिकाटीने वर जात होतं. लगेच ओळखलं. समोर यायची हिंमत नाही म्हणून फोनआड लपलाय लेकाचा. मग मी हात खाली घेतलाच नाही. मर्यादा कधी ओलांडली, कळलं नाही. फोनवाल्याने शेवटी माघार घेतली.
नाणं माझं. येताना गाडीत मोठ्याने गायलो. मासे दुकानातून घेतले.

२० एप्रिल, रविवार. वाढदिवस
घरी आलो तर स्वयंपाकघरात मर्विन, केक घेऊन. मी अबोला पाळत उभा राहिलो.
लॉरेनचे डोळे भरून आले. म्हणाली, "चर्चमध्ये ऑर्गन वाजवून साठवलं होतं रे. तुझ्यासाठी १७९३ चा सेंट घ्यायचा होता. बटणावरून बोलल्याचं मर्विनला फार वाईट वाटत होतं, त्यानेच निवडून दिला. तू मासेमारीला गेलास त्या शनिवारी इथे बसून, मी फोनवर किती बोली लावायची ते सांगत होता. पण हॉलमध्ये एक माणूस होता, तो हात खालीच घेईना."
मर्विन म्हणाला, "वहिनींनी जीव तोडून बोली लावली. तो गाढव दुप्पट देऊन बसला. नाण्यातलं ओ की ठो कळत नसणार."
मी म्हटलं, असतात असे लोक.
लॉरेन म्हणाली, "जाऊ दे. ते पैसे आता फरशीत घालू. उद्या बँकेत जाऊन फरशीसाठी ठेवलेलेही सगळे एकदम काढू."
मी केकचा मोठा तुकडा तोंडात घातला. सेंट गॅरेजमध्ये, खताच्या पोत्यामागे आहे.
मर्विन खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हार्लन, तू मनाला लावून घेऊ नकोस. लिलाववाल्यांकडे माझा मेहुणा आहे. आठवड्याभरात त्या माणसाचं नाव काढतो."
"काढाच," लॉरेन म्हणाली. "मला त्याच्या घरी जाऊन चार शब्द सुनावायचेत."
दोघांनी माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, मीही येतो.