दार कड्याला, बैल मामांकडे

केतुई बेट, मंगळवार

ती. बाल्दोमेरोमामा यांस,

भाची आयेलेनचा वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. आईचा खोकला गेला, आजोबांना पुन्हा ऐकू येऊ लागलंय (त्यांना हवं तेवढंच). तुमचा गुडघा या थंडीत कसा आहे? मामींचा लसूण यंदा कसा आलाय? आणि क्लावेल व पालोमो? चारा पोटभर खातात ना? जू ठेवलं की पालोमो अजून मान झटकतो का? (सहज विचारलं. बैलांची चौकशी करू नये असं थोडंच आहे?)

तुमच्या टेकडीवर फोन लागत नाही आणि फोन तुम्ही घेतही नाही, त्यामुळे आगीच्या बंबाची हकीकत तुमच्यापर्यंत एदेलमिराकाकूंच्या दुकानातून आली असणार, म्हणजे पाव खरी आणि बाकीची काकूंची. म्हणून मुळापासून सांगते. गेल्या हिवाळ्यात तुमचा गोठा पेटला तेव्हा आमचं अग्निशमन दल बादल्या घेऊन धावत आलं आणि टेकडी चढेपर्यंत निम्मं पाणी आमच्याच बुटांत गेलं. बैल तुम्ही ओढून बाहेर काढलेत, छप्पर गेलं. सगळं बेट लाकडाचं, घरोघरी चूल पेटलेली, आणि आमच्याकडे बादल्या. मी दलाची चिटणीस, त्यात आपल्या घरातली पहिली पदवीधर, तीही आंतरराष्ट्रीय व्यापाराची. (पदवी आईने चुलीवर टांगली आहे, धुराने ती आता बोकडाच्या कातड्यासारखी दिसते.) मी जगभरच्या अग्निशमन दलांना पत्रं लिहिली, आणि बेल्जियममधल्या एका गावाने कळवलं की आमचा जुना लहान बंब फुकट घ्या, समुद्राचं भाडं तेवढं तुमचं. त्या दिवशी मी अंगणात नाचले. फुकट वस्तू घरी आणायला किती पडतात हा धडा आमच्या अभ्यासक्रमात नव्हता.

भाड्याचा आकडा ठरला आणि त्याच आठवड्यात वाढला. आम्ही एम्पनाडा, त्या आपल्या सारणाच्या करंज्या, तळल्या, विकल्या, भरणा केला. मग जहाजच निघेना. निघालं तर कालव्यापाशी रांगेत उभं राहिलं, कारण तिथे पाऊस कमी झाल्याने कालव्याला पाणी पुरत नव्हतं. (आमच्याकडे कमी होत नाही, पण आमच्याकडे कालवा नाही.) पुढे बंबाचा कंटेनर भलत्याच बंदरात उतरवला. दर खेपेला नवं शुल्क आणि त्याला नवं नाव. इंधनाचं समजू शकते. पण बंदरात गर्दी झाली म्हणून गर्दीचं शुल्क लावलं, तेव्हा मी जहाज कंपनीच्या कचेरीतल्या मुलाला फोनवर विचारलं की गर्दी कुणाची आहे? तो म्हणाला, आमच्याच जहाजांची, बाई. इतक्या सरळपणे म्हणाला की मी तेही शुल्क भरून टाकलं. तेव्हा पुन्हा एम्पनाडा, पुन्हा बिंगो. बिंगोचं बक्षीस एक कोकरू. जो जिंकेल तो पुढच्या बिंगोसाठी ते दलाला परत देतो, असं चालू राहिलं. बंब पोचेपर्यंत त्या कोकराची चांगली मोठी मेंढी झाली, आणि तिला आता हाक मारली की ती स्वतःहून मंचावर चढते.

शेवटी गेल्या आठवड्यात बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालबोट, आली. धक्क्याला पाणी कमी होतं म्हणून खलाशांनी कंटेनर शाळेखालच्या वाळूवर उतरवला, आमच्या सह्या घेतल्या आणि ओहोटी लागायच्या आत निघूनही गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. बँडवाल्यांनी दोन गाणी वाजवली. मग आमचे कमांडंट रुपेर्तोकाका कात्री घेऊन फीत कापायला गेले आणि परत येऊन मला हळूच म्हणाले, "पोरी, याला दार कुठल्या बाजूला असतं?" दार कड्याला टेकलेलं होतं, मामा. हात जाईल एवढीही फट नाही. बेटावरचा एकुलता एक ट्रॅक्टर लावून पाहिला, तो चाकांसकट वाळूत रुतला. आता तोही तिथेच आहे. आणि शनिवारी पौर्णिमा. उधाणाचं पाणी शाळेच्या पायरीपर्यंत येतं हे तुम्हाला मी काय सांगावं! तोवर डबा वर ओढला नाही, तर आमचा बंब विझवण्याआधीच विझेल.

मला वाटलं, यात काय अवघड आहे? आपण घरंच्या घरं बैलांनी ओढून हलवणारी माणसं. सगळ्या गावाने मिळून मिंगा करायची, वर जेवण घालायचं, बस. मी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकला. "प्रिय नागरिकहो" अशी सुरुवात, सामूहिक श्रमाच्या मूल्यावर दोन परिच्छेद, आणि दोर कुठे बांधायचे त्याची आकृती, बाणांसकट. सगळ्यांनी वाचला. कित्येकांनी अंगठा दाखवला. रविवारी सकाळी वाळूवर मी, रुपेर्तोकाका आणि मेंढी.

घरी येऊन मी रडले. माणसं कशी आपमतलबी झाली आहेत यावर आईपुढे बरंच बोलले. आई बटाटे सोलत होती. म्हणाली, "तू फोनांना बोलावलंस. माणसांना कधी बोलावलंस?" मी म्हटलं, आई, काळ बदललाय. ती म्हणाली, "काळ बदलला असेल, दारं तिथेच आहेत. तुझे आजोबा आमचं घर हलवायचं होतं तेव्हा टोपी हातात घेऊन एकेका उंबऱ्यावर उभे राहिले होते. पदवीला चालायला लाज वाटते का?"

तेव्हा काल दिवसभर मी चालले, आज सकाळीही. प्रत्येक घरात बसवलं, प्रत्येक घरात चहा, आणि प्रत्येकाने त्या बाणांची आठवण करून दिली. (एदेलमिराकाकूंनी ती आकृती छापून दुकानात लावली आहे, गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी.) पण येतो म्हणाले सगळे. बैल, दोर, ओंडके, सगळं. आणि मग सगळ्यांनी एकच विचारलं: पुढे कोण? पहिली जोडी बाल्दोमेरोची नसेल तर मागचे बैल वेडेवाकडे ओढतील, आणि डबा कड्याला आणखी चिकटेल. ते खरं आहे. घर ओढलेली, हाकेसरशी एकत्र पाऊल टाकणारी जोडी बेटावर एकच उरली आहे.

तुम्ही दुकानात काय म्हणालात तेही मला कळलं. "अख्ख्या बेटाला बोलावणं गेलं, मला नाही. मी नको तर माझे बैल कशाला हवेत?" मामा, गंमत बघा. ज्यांना निरोप गेला त्यांना तो बोलावणं वाटला नाही, आणि ज्याला गेला नाही त्याला मात्र तो बोलावणं वाटला.

मामींना नमस्कार, बैलांच्या पाठीवर हात.

तुमची,
आयेलेन

ता. क. मिंगाचं जेवण आई बघते आहे, खड्ड्यात पुरून शिजवलेला कुरान्तो. मेंढी त्यात नाही. शाळेतल्या पोरांनी तिच्यासाठी सह्या गोळा केल्या आहेत.

ता. क. बंब निघाला की रिकामा कंटेनर परत करायचा असतो, नाहीतर रोजचं शुल्क. म्हणजे मिंगा दोनदा. हे केवळ माहितीसाठी.

ता. क. पत्र पुन्हा नीट चाळून बघा. त्यात बैल कुठेही मागितलेले नाहीत. ती गोष्ट लिहून मागायची नसते, हे आता मला कळलंय. हे शेवटचं मी तुमच्या फाटकाशी लिहिते आहे, पत्र खिडकीतून मामींच्या हाती देऊन पुन्हा इथेच उभी राहते. टोपी काढून हातात घेतली आहे, पाऊस लागला आहे, आणि तुमचा कुत्रा माझ्या बुटावर बसला आहे. वाचून झालं असेल तर दार उघडा, मामा. मला तुम्हाला काहीतरी विचारायचं आहे.