पाणी प्यायला गेलेला कॉम्प्युटर

दांडी,
बुधवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

दादूभावजींना हेमालीवहिनीचा नमस्कार.

तुमची तब्येत बरी असणार असं धरून चालते. वेरावळच्या बर्फाच्या कारखान्यात अकरा वर्षं बसलेला माणूस बिघडेल कशाला? बर्फात बोंबीलसुद्धा चार दिवस टिकतो. तुमचा गुडघा, तुमची साखर आणि तुमचा राग या तिघांची चौकशी केली आहे असं समजावं. पहिल्या दोघांना औषध आहे. इकडे सगळं ठीक, ही ओळ घालायची पद्धत आहे म्हणून घालते. ती कितपत खरी ते पुढे कळेल. फोन सोडून पत्र का, तर माझा नंबर दिसला की वेरावळची रेंज जाते हे मी अकरा वर्षं पाहते आहे. कागद मात्र हातात आला की न वाचता ठेवणं तुम्हाला जमलेलं नाही. (तुम्ही भज्यांचा कागदसुद्धा उलटून वाचता.)

तर बातमी अशी, की आपल्या नाट्यमंडळाने परवाच्या रविवारी अंतराळात यान सोडलं. लिलावाच्या शेडमधून, दुपारी तीन वाजता, विनोद आरेकरांच्या हस्ते नारळ फोडून. नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही, त्यामुळे उड्डाणाला सात मिनिटं उशीर झाला, पण अंतराळात एवढं चालतं.

मंडळाची रीत तुम्हाला मी सांगायला नको, तरी सांगते, कारण सगळ्याचं मूळ तीच आहे. बाकी जगात नट संवाद पाठ करतात. दांडीत पाठ करणाऱ्याला हसतात. माणसाने आठ महिने समुद्रावर जाळी ओढायची आणि वर संवादही डोक्यात ठेवायचे, हा अन्याय आहे असं आपल्याकडे सर्वमान्य आहे. वीस वर्षं तुम्ही डाव्या विंगेत स्टुलावर वही घेऊन बसलात. तुम्ही म्हणायचं आणि मागोमाग उजेडातल्याने म्हणायचं. तुमचा आवाज पहिल्या रांगेला कधी ऐकू गेला नाही आणि विनोद आरेकरांना (अध्यक्ष, तहहयात, एका कानाने बहिरे) मात्र नेमका पोचला. मग त्या वर्षी तालमीत तुमचे बंधू सर्वांदेखत म्हणाले, की टाळ्या मला पडतात, वही काय, कोणीबी वाचील. प्रयोगाच्या दिवशी राजा झालेल्या तुमच्या बंधूंचं मोठं भाषण आलं तेव्हा तुम्ही वही मिटलीत, पडदा ओढणाऱ्याला म्हणालात, "पानी पिऊन येतो," आणि गेलात ते वेरावळला. राजा चार मिनिटं उजेडात उभा होता. मी मोजली नाहीत, गावाने मोजली. त्या दिवसापासून मंडळ बंद. तुमचे बंधू तर शेडकडे जाणारा रस्ता सोडून लांबून, विहिरीवरून वळसा घालून जायला लागले.

यंदा मासेमारी बंदीच्या दिवसांत आरेकरांना पुन्हा हुक्की आली. पण वही वाचणार कोण? (कोणीबी वाचील म्हणणाऱ्यांपैकी कोणीबी पुढे आलं नाही.) तेव्हा मी म्हटलं, नाटक मी लिहून देते. तीस वर्षं बोईसरच्या शाळेत मुलांचे निबंध तपासले आहेत, त्यापेक्षा वाईट तर लिहिणार नाही. गोष्ट अशी: एक यान फार लांबच्या ताऱ्याकडे निघालं आहे. खलाशी लांबलचक झोपेतून उठतात, तर कोणालाच काही आठवत नाही. आपण कोण, निघालो कुठून, पोचायचं कुठे, कप्तान कोण आणि स्वयंपाकी कोण. ठाऊक फक्त यानाच्या कॉम्प्युटरला. तो भिंतीतून सांगतो, "डॉक्टर, आता तू म्हणशील की याची नाडी मंद आहे," आणि डॉक्टर तसं म्हणतो. म्हणजे कुजबुजण्याचीही गरज नाही. वही वाचणाऱ्याला राजरोस भूमिका. आणि त्यातून कोणी विसरलंच, तर लोक म्हणतील, काय अभिनय करतो. ठराव चहा संपायच्या आत मंजूर झाला. मंडळाच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. एरवी चहा संपला तरी लोक बिस्किटांसाठी विरोध करतात.

यान म्हणजे दुरुस्तीला शेडमध्ये ओढलेली आपलीच बोट. आमच्या निमेशने बोईसरच्या ज्या पॅकिंगच्या कंपनीत तो आहे तिथून चंदेरी कागदाचं रीळ आणलं (मागून आणलं, भावजी, तुमचा पुतण्या आहे म्हणून लगेच शंका नको). अंगात लाइफ जॅकेटं, डोक्याला पाण्याचे मोठे जार अर्धे कापून. डॉक्टरच्या भूमिकेत जमनावन्स. ती म्हणाली, नाडी कसली तपासू, माझी मासळीची तागडी आणते. आणली. शास्त्रज्ञ आरेकर, यंत्रज्ञ निमेश, आणि कप्तान तुमचे बंधू.

आता मंडळाला न सांगितलेलं कारण तुम्हाला सांगते. तुमच्या बंधूंना दोन वर्षांपासून विसरायला होतं आहे. चष्मा विसरणं नव्हे. गेल्या वर्षी बॅटरी आणायला बोईसरला गेले ते संध्याकाळी उमरोळी स्टेशनवर बाकावर बसलेले सापडले. गाड्या मोजतोय म्हणाले. (उमरोळी माझं माहेर. तेवढी सासुरवाडीची वाट लक्षात राहिली आहे.) निमेशच्या बायकोला, सपनाला, रोज नव्याने विचारतात, पोरी, तू कोनाची? ती बिचारी रोज नव्याने सांगते. हात मात्र काही विसरले नाहीत. जाळ्याचं भोक दिसलं की गाठ आपोआप पडते. पालघरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, माणसांत ठेवा, बोलतं ठेवा. इथेच घोडं अडलं. चूक पकडली जाईल या भीतीने त्यांनी तोंड उघडणंच सोडलं होतं. बोट हाकणाऱ्या ज्या तांडेलाच्या आवाजाला खाडीतले बगळे उडायचे, तो माणूस अंगणात लोकांकडे पाठ करून बसायचा आणि कोणी हाक मारली की झोपल्याचं सोंग घ्यायचा. मी विचार केला, अशी जागा कुठे आहे जिथे माणूस विसरला तरी कोणी हसत नाही, कीव करत नाही, उलट टाळ्या देतं? पृथ्वीवर सापडली नाही, म्हणून वर शोधावी लागली.

तालमींना ते आले. बोलले नाहीत, पण आले, आणि विहिरीवरून न येता सरळ रस्त्याने आले. कॉम्प्युटर मी झाले होते. बर्फाच्या पेट्या रचून त्यामागे मला माइक दिला होता.

पहिली वीस मिनिटं यान उत्तम चाललं. जारमध्ये वाफ धरून कोणाला कोणी दिसत नव्हतं हे खरं, आणि आरेकरांनी दोनदा डॉक्टरऐवजी खांबाशी सल्लामसलत केली, पण लोकांना वाटलं तसंच लिहिलं असेल. कप्तानसुद्धा माझ्या मागोमाग तीन वाक्यं बोलले. मग वारा सुटला, सर आली, आणि दांडीत सर आली की जे जातं ते गेलं: लाइट. माइक मेला. पत्र्यावर पाऊस असा कोसळायला लागला की तीस वर्षं शाळा गप्प करणारा माझा आवाज माझा मलाच ऐकू येईना. स्टेजवर चार माणसं भिंतीकडे बघत उभी. आता त्यांना अभिनय करायची गरज उरली नव्हती.

तुमचे बंधू मधोमध होते. बरोबर त्याच जागी. मी पेट्यांच्या फटीतून पाहत होते, भावजी. त्यांनी सावकाश जार काढला, डाव्या विंगेकडे वळले आणि म्हणाले, "दादू, पुडचं सांग."

सगळ्या शेडला ऐकू गेलं. पावसातसुद्धा गेलं. अकरा वर्षांपूर्वी तिथे हजर असलेला एकही माणूस जागचा हलला नाही. माझ्या मनात आलं, बाई, हे तू केलंस. माणूस एकदा बुडाला होता तिथेच तू त्याला हौसेने पुन्हा नेऊन सोडलंस.

आणि तेवढ्यात डॉक्टरीणबाई तागडी खाली ठेवून पुढे झाल्या. "मी कोन ते मला आटवत नाय," जमनावन्स म्हणाली, "पन तू तांडेल हायस, येवडं आटवतं. आन तांडेलानं बोट सोडून बाजूला बगायचं नसतं." लोक हसले. तुमच्या बंधूंना हसले नाहीत, तिच्या बोलण्याला हसले; ते फरक ओळखतात हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग निमेश म्हणाला, "बाबा, मशीन बंद पडलं. आता वाट कशी काडायची?" (कप्तान म्हणायचं ठरलं होतं. कोणी हरकत घेतली नाही.)

"मशीन?" तुमचे बंधू म्हणाले. "आमी काय मशीन बगून घरी यायचो?"

आणि तो आवाज निघाला, भावजी. बगळे उडवणारा. "महालक्ष्मीचा सुळका अनुकेंद्राच्या धुरांड्यावर बसला का बग. बसला? आता तसाच ठेव, हलू देऊ नको. शिसं टाक तळाला. काय आलं वर, चिकल का वाळू?" निमेशने लाइफ जॅकेटची दोरी स्टेजवरून खाली सोडली, ओढली आणि म्हणाला, वाळू. "वाळू म्हंजे खडक जवळ आला. सुकाणू दाब भायेर." तिसऱ्या रांगेतून मंगळ्यातात्या उठले, वय ऐंशी. "तांडेल, भरती हाय का ओहोटी ते आदी सांग." त्यावर कप्तान म्हणाले, "मंगळ्या, तू पृथ्वीवर हायस, गप बस." मग काय, पृथ्वीवरचे सगळे म्हातारे उभे राहिले. कोणी म्हणतो सुळका नाही, ताडांची जोडी धर. कोणी म्हणतो पाण्याचा रंग बघ. बारा प्रकाशवर्षांवर निघालेलं यान शेवटी दांडीच्या खाडीच्या तोंडाशी येऊन लागलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, एकीने सवयीने पाटी डोक्यावर घेतली. लाइट केव्हा आला कोणी पाहिलं नाही. माझ्या नाटकाची शेवटची नऊ पानं तशीच राहिली, आणि खरं सांगायचं तर ती नऊ वाईटच होती.

सोमवारी सकाळी तीन तरुण तांडेल अंगणात हजर. गेल्या मोसमात वाट दाखवणारं मशीन बंद पडून त्यांच्यातल्या दोन बोटी अर्धा दिवस धुक्यात फिरत राहिल्या होत्या. कोणाला किनाऱ्याची एक खूण आठवेना, कारण कोणी विचारूनच ठेवली नव्हती. म्हणजे विसरण्याचा आजार फक्त आमच्याच घरात नव्हता, सगळ्या बंदराला होता. औषध मात्र आमच्या अंगणात निघालं. आता रोज नऊ ते अकरा तुमचे बंधू खुणा सांगतात, सपना लिहून घेते आणि मंगळ्यातात्या चुका काढतात. एकच खूण कधी कधी तीनदा सांगतात. तिन्ही वेळा सारखीच सांगतात, म्हणून आम्ही तिन्ही वेळा लिहितो. बरे होणार नाहीत, हे मला डॉक्टरांनी सांगितलं आहे आणि मला ते समजलं आहे. काल मला विचारलं, बाय, तुजं गाव कुटलं? मी म्हटलं उमरोळी. म्हणाले, गाव चांगलं हाय, मानसं जरा तोंडाळ. पण पाठ करून बसत नाहीत आता. हाक मारली की ओ देतात.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला एरंडेल लावा, रागाला काय लावता ते पाहा.

तुमची वहिनी,
हेमाली

ता. क. गणपतीआधीच्या रविवारी दुपारी तीनला पालघरला याच नाटकाचा प्रयोग आहे. कॉम्प्युटरची जागा रिकामी आहे. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. चाळीस वर्षांच्या संसारात मी कायम पडद्यामागे, त्यामुळे नवऱ्याचं काम समोरून कधी पाहिलेलं नाही. जाहिरातीत तुमचं नाव येणार नाही, यंत्राचं कोण छापतं? पण आवाज या वेळी शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवा.

आणखी एक. मंडळाने काल ठराव केला, की अकरा वर्षांपूर्वीच्या प्रयोगातलं कोणालाही काहीही आठवत नाही. जमनावन्सने अनुमोदन दिलं. आरेकरांनी विचारलं, "कुटला प्रयोग?" ते ठराव पाळत होते की खरंच विचारत होते, ते कळलं नाही, पण इतिवृत्तात एकमताने मंजूर असं लिहिलं. तुमच्या बंधूंना तर ठरावाची गरजच नाही. तेव्हा आता ती गोष्ट आठवणारा जगात एकच माणूस उरला आहे, आणि तो वेरावळला राहतो.

पाकीट चिकटवता चिकटवता: तुमचे बंधू आत्ता जाळं टाकून दारात आले आणि कोनाला लिवतेस म्हणाले. मी म्हटलं, दादूभावजींना. ते म्हणाले, "पानी प्यायला गेला तो अजून आला नाय? विहीर काय डहाणूला हाय? त्याला सांग, लवकर ये, मी थांबलोय."

हे मी नाटकासाठी रचलेलं नाही. तसं रचता आलं असतं तर शेवटची नऊ पानं बरी झाली असती.