चुलीमागची जागा

हा-मोत्सेलो गाव,
३ ऑगस्ट १९९४

चि. पुलेंगला अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो छापलेलं वर्तमानपत्र गावभर फिरून माझ्याकडे आलं, तेव्हा तुझ्या नाकावर कुणाच्या तरी चहाचा डाग होता. पाणीखात्याची पहिली बाई सचिव, आणि चेहरा असा की जणू दूध नासलंय. जरा हसावं की! मी जोंधळ्याची दारू गाळून, विकून तुला शिकवत होते, तेव्हा बरी खिदळायचीस.

पत्राचं कारण वेगळंच आहे. धरणात बुडणाऱ्या कबरी हलवायच्या म्हणून तुमचा कारकून यादी करतोय. घरच्या माणसानं गावसभेत उभं राहून सांगायचं, दुसऱ्यानं साक्ष द्यायची, तरच कबर यादीत. स्मशानातल्या सगळ्या लागल्या. माझा तुमेलो तिथं नाही, हे तुला ठाऊक आहे. श्वास न घेता आलेलं मूल बायका घरातच, चुलीमागे ठेवतात आणि पुरुषांपुढे त्याचा शब्द काढत नाहीत. त्या दिवशी आत सासूबाई, मी आणि नऊ वर्षांची तू. घोंगडी तूच धरली होतीस. लग्नातच, होणाऱ्या मुलाचं नाव आधी ठरवून, मला 'तुमेलोची आई' म्हणून मातुमेलो हे नाव दिलं, बेचाळीस वर्षं सगळे त्याच नावानं हाक मारतात, आणि यादीत तुमेलो नाही. तिथं बसून तेवढी एक ओळ लिही. त्याला पाण्याखाली टाकून मला जायचं नाही.

तब्येतीला जप. लोभ आहे तो राहू दे.
तुझी ताई,
मातुमेलो

मासेरू,
१९ ऑगस्ट १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र टेबलाच्या खणात ठेवलंय आणि दिवसातून चारदा काढून वाचते. तो नियम माझाच आहे, ताई. दुसऱ्या खोऱ्यात लोकांनी नुसते दगड रचून कबरी दाखवल्या, म्हणून मी चारचौघांत सांगण्याची अट घातली. त्याच घरात वाढले, आणि अट लिहिताना मला चूल आठवली नाही. मला फार लाज वाटते.

एकट्या माझ्या बहिणीसाठी ओळ घातली, तर बाईला खुर्ची दिली की ती आधी घरचं बघते असं म्हणतील, आणि पुढची वीस वर्षं इथे दुसरी बाई बसणार नाही. नियमच बदलावा म्हणून मंत्र्यांकडे गेले. त्यांनी कारण विचारलं. सगळं खातं चालवते मी, पण त्या माणसासमोर जीभ उचलेना. रस्त्याच्या खडीविषयी काहीतरी बोलून परत आले.

आता यादीचा नाद सोड. ज्यांनी ठेवलं त्यांनीच उचलायचं, म्हणजे आपण दोघींनी. धरणाचे दरवाजे वीस ऑक्टोबरला बंद होतील. मी सातला येते. चुलीमागच्या दगडांना एकटी हात लावू नकोस, तुझे गुडघे मला माहीत आहेत.

तुझी,
पुलेंग

हा-मोत्सेलो,
११ सप्टेंबर १९९४

चि. पुलेंग, अनेक आशीर्वाद.

तू खडीवर बोललीस, तर मी खुराड्यावर बोलले! काल शेवटची गावसभा होती. म्हटलं, तुझी वाट कशाला बघायची, आपणच सांगावं. उभी राहिले. चाळीस पुरुष माझ्याकडे बघायला लागले. कारकुनानं विचारलं, आजी, काय राहिलं? मी विचारलं, कोंबड्यांचं खुराडं नव्या जागी मिळणार का? सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन चुलीपाशी बसून खूप रडले.

अर्ध्या गावाचं सामान लॉरीतून गेलंसुद्धा. माझी पाळी आली, तेव्हा आजारी असल्याचं सोंग केलं. नवी घोंगडी घेऊन ठेवलीय, मऊ आहे. सातला नक्की ये.

मातुमेलो

मासेरू,
४ ऑक्टोबर १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस. आदिस अबाबाला आफ्रिकेतल्या उत्तम लोकसेवकांचा सन्मान आहे आणि त्यात माझं नाव आहे. मी नको म्हणाले, पण मंत्र्यांनी हुकूमच काढला, देशाची शोभा आहे म्हणे. तेराला परतते, चौदाला सकाळी तुझ्या दारात. दरवाजे बंद व्हायला तेव्हाही सहा दिवस असतील. एकच आठवडा कळ काढ.

तुझी,
पुलेंग

मासेरू,
२५ ऑक्टोबर १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चौदाला नव्या वस्तीत आले, तेव्हा तू मला मक्याच्या पिठाचा घट्ट पापा वाढलास, पालेभाजी वाढलीस आणि एक अक्षर बोलली नाहीस. म्हणून लिहिते.

डोंगरात पाऊस लवकर लागला आणि इंजिनिअरांनी अकरालाच दरवाजे टाकले. हुकमात 'नदीची पातळी पाहून आधीही' असे शब्द आहेत. खाली सही माझी आहे. मी वाचून केलेली. तुझ्याकडे येण्याआधी मी खिंडीत थांबले होते. आपल्या घराच्या छपराचं टोक तेवढं दिसत होतं.

राजीनामा लिहिलाय. तू म्हणशील तर उद्या देते. काहीतरी बोल.

पुलेंग

नवी वस्ती,
१८ मार्च १९९५

चि. पुलेंग, आशीर्वाद.

राजीनामा देऊ नकोस. त्यानं काही वर येणार नाही.

पाणी अंगणात शिरलं तेव्हा मी कुदळ घातली होती. दोन दगड निघाले. तिसऱ्याला शिपाई आले, काय करतेस म्हणून ओरडले. मी म्हटलं, भांडं पुरलंय. एकानं सांगितलं, आजी, सरकार नवं भांडं देईल, आणि दोघांनी मला उचलून लॉरीत बसवलं. पोरं चांगली होती. खरं सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी खणलंही असतं. तेव्हासुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. तुझ्यावर मी रागावलेय, ते तसंच राहील, पण या एका गोष्टीसाठी मी स्वतःवर जास्त रागावलेय.

इथे घर पक्कं आहे. तुझ्या योजनेतला नळ दारातच आहे, दिवसभर पाणी. ते धरणाच्या तळ्याचंच, आपल्या चुलीवरून आलेलं. मी खिंडीखालच्या झऱ्यावरून आणते, जायला तास, यायला दीड. आधी वाटलं मीच एकटी. आता रोज सतरा-अठरा बायका असतात, काही तर माझ्यापेक्षा थकलेल्या. वाटेत कुणी कुणाला काही विचारत नाही. पावसापाण्याचं बोलतो.

मागच्या आठवड्यात तुझ्या खात्याची एक मुलगी वही घेऊन आली होती. नळ असताना बायका झऱ्यावर का जातात, याचा अहवाल सचिवबाईंनी मागवलाय म्हणाली. सोबत दोन साहेब होते. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि सांगितलं, नळाच्या पाण्याला चव नाही. तिनं तसं लिहून घेतलं. अहवाल तुझ्या टेबलावर येईल, त्यावर सही कर.

मातुमेलो