इजहारचा तुकडा

२१ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

लिव्हर कडक झालंय म्हणे! औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर मशीन फिरवलं अन् त्यांचं तोंडच उतरलं. "आसिफाताई, सूज आहे. व्रण पडायला लागलेत."

मी म्हणलं, अहो नवीन आहे की ते! माझं जुनं तर हेपटायटिस सी नं खाल्लं. माझ्या लेकाच्या, अबुबकरच्या बाळंतपणात रक्त चढवलं होतं, त्यातून विषाणू आला अन् पंचवीस वर्षं गुपचूप बसला. पण हे तर इजहारचं आहे. माझ्या धाकट्या भावानं पोट फाडून दिलेलं. तीन वर्षं झाली फक्त!

आता सुईनं बारीक तुकडा काढून तपासणार.  परतूर आल्यावर आमचे हे म्हणाले, "इजहार को मत बोलो अभी."

२४ नोव्हेंबर, रविवार

इजहार आल्ता आष्टीहून, दर रविवारी येतो तसा. दारातूनच ओरडतो, "आपा! मेरा माल कैसा है?" माल म्हंजे त्यानं दिलेला तुकडा. सगळ्या गल्लीला ऐकू जातं. मंग घरभर फिरणार, पातेल्यांची झाकणं उघडणार, डब्यांत हात घालणार. पन्नाशीला आला तरी खोड जात न्हाई!

 मी चहा ठेवला.

२ डिसेंबर, सोमवार

थंडी पडली. आम्हा पिंजाऱ्यांच्यात थंडी म्हणजे गाद्यांचा सीझन. दिवाळी झाली की अब्बा कापूस पिंजायची धनुकली बैलगाडीत टाकायचे अन् गावोगाव फिरायचे. एकदा तर पार हसनाबादपर्यंत गेल्तो. लोकांच्या अंगणात बसायचं, जुन्या गाद्या उसवायच्या, कापूस पिंजायचा. धनुकलीची तांत वाजायची — धुन्न! धुन्न! आम्ही दोघं भावंडं कापसाच्या ढिगात. केसांत कापूस, भुवयांत कापूस. अम्मी ओरडायची, "आ गए कपास के भूत!"

गादी भरली की अब्बा आम्हाला तिच्यावर लोळायला लावायचे. कुठं गठळी टोचली की आम्ही सांगायचं. आष्टीत एका पाटलाच्या गादीवर इजहार लोळता लोळता झोपूनच गेला! अब्बांनी उठवलं न्हाई. त्याच्या अंगाच्या कडेकडेनं टाके घातले. पाटलीणबाई तोंडाला पदर लावून हसून राहिल्या. अन् जाताना गुळाचा खडा त्यालाच दिला, मला न्हाई! त्यावरून मी त्याच्याशी गाडीत भांडले, पार घर येईपर्यंत.

काय दिवस होते. आता लोक फोमची गादी घेतात. इजहारच्या दुकानात पण तीच. एक दुपार तरी परत मिळावी, कुणाच्याही अंगणातली.

५ डिसेंबर

सुई टोचली. लई दुखलं. इजहारचं पोट तर इथून तिथून फाडलं होतं, अन् हा पठ्ठ्या नर्सला हसवून राह्यला होता.

९ डिसेंबर, सोमवार

निकाल यायचाय. दोनपैकी एक असंल म्हणे. एक तर माझं शरीर त्याचा तुकडा नाकारून राह्यलंय. न्हाईतर जुना विषाणू परत आलाय. एकाचं औषध दुसऱ्याला मारक, म्हणून थांबायचं.

मी अल्लाकडं काय मागितलं? विषाणूच असू दे! ऐकणारा मला येडी म्हणंल. पण माझ्या शरीरानं इजहारला नको म्हणावं? हे मला बिलकुल सहन व्हायचं न्हाई.

१२ डिसेंबर, गुरुवार

विषाणूच आहे. पोटभर रडले. आनंदानं का दुःखानं, माहीत न्हाई.

डॉक्टरीणबाई चिडल्या. "ऑपरेशननंतर गोळ्यांचा कोर्स झाला, तेव्हा विषाणू दिसला नव्हता. पण तीन महिन्यांनी परत तपासायचं होतं. का नाही आलात?"

काय सांगू बाई तुम्हाला! पहिला रिपोर्ट चांगला आला अन् इजहारनं नवस फेडला. दर्ग्यावर कंदुरी केली, बकरा कापला, सगळी गल्ली जेवली. शेजारची कडूबाई लेकरं-बाळं घेऊन आल्ती. इजहारनं कलेजीची ताटली माझ्यापुढं धरली — "आपा, ये भी लेती क्या?" हसून हसून मेली सगळी. अन् तपासणीची तारीख आली तर म्हणाला, "शुक्र अदा कर दिया ना? अब टटोलना मतलब शक करना." हे पण म्हणाले, बराबर है. आमच्यात असंच आहे. कंदुरी झाली की विषय संपला. परत चाचपायचं म्हणजे देणाऱ्यावर अविश्वास.

आता त्याला कोणत्या तोंडानं सांगू, की तुझ्या त्या बोलण्यापायी तुझाच तुकडा खराब व्हायला लागलाय? हाय खाईल तो.

१४ डिसेंबर, शनिवार

दुसऱ्या गोळ्या आल्या. रोज घ्यायच्या, सहा महिने. "जल्दी सुरू करा. व्रण वाढले तर हेही लिव्हर जाईल," डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.

पण सुरू केल्या तर इजहार पाहीलच. हजार सवाल करील. डबी ज्वारीच्या कोठीत खुपसून ठेवली. उद्या सांगून टाकते, मंग घेते.

१५ डिसेंबर, रविवार

न्हाई सांगितलं.

दोन भाकरी खाल्ल्या त्यानं, वांग्याची भाजी पुसून खाल्ली. जाताना स्कूटरवर बसला अन् एकदम हळू आवाजात म्हणाला, "सच बोल आपा. ठीक है ना?"

मी म्हणलं, "मजे में है रे."

असा खुलला! गाणं म्हणत गेला. थू माझ्या तोंडावर! मोठी बहीण मी, अन् त्याच्यापुढं जीभ वळत न्हाई. गोळ्या पण तशाच पडून. पुढच्या रविवारी नक्की सांगते.

२० डिसेंबर, शुक्रवार

इजहार गेला. काल दुपारी, दुकानात बसल्या बसल्या. हार्ट अटॅक. आम्ही आष्टीला पोचलो तर शेजारची माणसं जमली होती.

आज माती देऊन सगळे परत आले. घरी पोचल्यावर मी ज्वारीच्या कोठीत हात घातला, डबी काढली, पहिली गोळी घेतली.

मजेत आहे म्हणून सांगितलंय त्याला. आता ते खरं करायचंय.