कुसळाचा काटा आणि संघप्रियाचं लगीन

कोल्हापूर,
२ मे १९९८

आदरणीय बाबासोमामांस नागसेनचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो. (आई म्हणते, धरून चालू नकोस, नीट विचार. म्हणून विचारतो.) इकडे सगळे खुशाल. मी तर खुशालीच्याही पलीकडे गेलोय, कारण मामा, मला कुसळ कळलं.

डिसेंबरात शाळेची सहल घेऊन जोतिबाच्या डोंगराला गेलतो. मागच्या उतारावर नुसता खडक, माती चिमूटभर, आणि त्यात कुसळी गवत पिकून उभं. घरी आलो तेव्हा पँटीत कापडापेक्षा गवत जास्त होतं. आईनं ती पँट (माझ्या उद्धारासकट) बादलीत बुडवली आणि मी धुण्याच्या दगडाशी बसून एकेक कुसळ उपसायला लागलो. तर त्यातलं एक ओलं कुसळ दगडावर आपलं आपण फिरायला लागलं. वारा नाही, कुणाचा हात नाही, आणि ते घड्याळाच्या काट्यागत गोल गोल. मी ओरडलो. आईला वाटलं विंचू चावला.

त्याचं असं आहे मामा. बियाचं टोक सुईसारखं, त्यावर मागं वळलेले बारीक केस, म्हणून एकदा आत शिरलं की ते मागं येत नाही. (तुम्ही गवत कापताना अनुभव घेतलाच असेल, जागा विचारत नाही.) पाठीमागं लांब काळपट शेपूट, सुंभासारखं पिळलेलं आणि मध्येच वाकलेलं. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो. शेपूट असं फिरत राहतं आणि बी गिरमिटासारखं मातीत उतरतं. खडकाच्या फटीत स्वतःची पेरणी स्वतःच, ना कुरी ना बैल. वीस वर्षं ज्याला शिव्या दिल्या ते असलं यंत्र निघालं. मला त्या दिवशी जेवण सुचलं नाही.

मग मनात आलं, जे हवेतली ओल ओळखतं ते पाऊसही ओळखेल. एका पुठ्ठ्यावर कुसळ उभं रोवलं, शेपटाच्या वाकड्या टोकाचाच काटा केला, भोवती ऊन, ढग आणि पाऊस असं लिहिलं आणि ते स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलं. मार्चमध्ये एके सकाळी काटा सरळ पावसावर गेला. मी गल्लीभर हाळी दिली. शेजारच्या चिमणाबाईंनी वाळत घातलेलं सगळं उचललं, त्यांचं बघून बाकीच्यांनी उचललं. आभाळात ढग म्हणून नाही. मागाहून कळलं की आत आई तांदळाच्या पापड्या उकडत होती आणि सगळी वाफ काट्यावर जात होती. चिमणाबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी यंत्र बाहेरच्या सोप्यात हलवलं. तिथं मात्र त्यानं दोनदा वळीव अगदी बरोबर सांगितला, तेव्हापासून बायका धुणं घालायच्या आधी काटा बघून जातात.

आता मुख्य गोष्ट. आमच्या धाकटीचं, संघप्रियाचं लग्न सतरा तारखेला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिचं म्हणणं, लग्न विहारासमोरच्या पटांगणात व्हावं, कारण हॉलमध्ये निम्मी गल्ली बाहेर राहील. तिचे होणारे सासरे गणपतराव म्हणत होते हॉलच पाहिजे, वळवाचा काय भरवसा. परवा ते ठरवायलाच आले. मी काटा दाखवला, ऊन होतं. ते पुठ्ठ्याजवळ तोंड नेऊन (त्यांचा आवाज तुम्ही साखरपुड्यात ऐकलाय) म्हणाले, “मास्तर, गवताला इचारून लगीन लावताय व्हय?”

काटा सरकून ढगावर गेला. ते आणखी जवळ जाऊन बोलले, तो पावसावर गेला. मी घामाघूम. गप्प बसले की काटा उन्हाकडे परते, तोंड उघडलं की पाऊस. त्यांच्या श्वासाची ओल हो, दुसरं काय. पण ते सांगायचं कसं? तेवढ्यात चहा घेऊन आलेली संघप्रिया शांतपणे म्हणाली, “मामंजी, तुमी गप बसला की ऊन पडतंय बगा.”

आईनं डोळे मिटले. मला वाटलं, लग्न मोडलं. गणपतरावांनी एकदा काट्याकडं, एकदा सुनेकडं बघितलं आणि एवढे हसले की काटा पावसाच्याही पुढं गेला. डोळे पुसत म्हणाले, “माझ्या घरात मला गप बस म्हणणारं कोण न्हवतंच. पटांगणातच करा.”

तर मामा, लग्न पटांगणात. हॉल सोडून दिला. त्या दिवशी पाऊस येणार नाही याची मला शंभर टक्के खात्री आहे, कारण शास्त्र खोटं बोलत नाही. मामींना घेऊन दोन दिवस आधीच या.

तुमचा भाचा,
नागसेन

ता. क. : येताना भाताच्या पिंजराच्या गंजीवर घालता ती मोठी निळी ताडपत्री आणा. आईनं विचारलं तर जेवणावळीला अंथरायला आणली म्हणा.

ता. क. २ : दोरही आणा. अंथरायला दोर कशाला, असं आई विचारेल. तुम्ही थोरले आहात, काहीतरी सुचेलच.

ता. क. ३ : आत्ताच संघप्रियाकडून कळलं की गणपतरावांनीही गुपचूप दोन ताडपत्र्या सांगून ठेवल्यात. शास्त्रावर कुणाचा विश्वासच उरलेला नाही, मामा. तुमची तेवढी विसरू नका.