कोरडा ओढा

तीर्थरूप बाबांना,
लांबूनच पाया पडते. मी बरी आहे, डबा वेळेवर येतो, खोकलाही गेला. आईला इथपर्यंतच वाचून दाखवा. पुढचं तुमच्यापुरतं.

नव्या रस्त्यासाठी आपल्या ओढ्यात भराव टाकणार हे खरं का, असं तुम्ही विचारलंत. खरं आहे. कुठला रस्ता निसर्गाला कितपत झेपेल, याचे गुण आमच्या ऑफिसातला प्रोग्रॅम देतो. ओढ्यावरून जाणाऱ्या रस्त्याला शंभरात ब्याण्णव मिळाले.

तीस वर्षं रोज सकाळी ओढ्यातली मोजपट्टी बघून तुम्ही पाणी वहीत लिहिलंत, अंगात ताप असतानासुद्धा. त्या वह्या तुमच्या पाटबंधारे खात्यानं कधी संगणकात भरल्याच नाहीत. आणि रिकामा रकाना दिसला की आमचा प्रोग्रॅम तिथं शून्य धरतो. म्हणजे आपल्या ओढ्याला पाणीच नाही.

मी साहेबांना म्हटलं, ते पाणी माझे वडील मोजायचे. ते म्हणाले, "मॅडम, घरच्या आठवणी प्रोग्रॅममध्ये भरता येत नाहीत." सगळे हसले. मीही हसले, बाबा.

न बघता आकडा लिहायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मी ते शून्य नीट बघितलं आणि 'तपासले' लिहून खाली सही केली.

तुमचे गुडघे कसे आहेत? सवयीनं अजून पट्टी बघायला उतरता का? उतरलात तर जपून, दगडांवर शेवाळ असतं. आणि पाणी किती आहे, ते मला कळवू नका.

तुमची,
धाकटी